एआयला विद्यार्थी करून स्वतः शिकण्याची रीत

अभ्यासासाठी एआय चॅटबॉटचा वापर बहुधा एकाच दिशेने होतो. आपण विचारतो, तो सांगतो आणि त्याने सांगितलेले वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. तीच गोष्ट थोड्या वेळाने कुणाला समजावून सांगायची वेळ आली की पितळ उघडे पडते. या लेखातील पद्धतीत ही दिशा उलटी केली आहे. एआयला विद्यार्थ्याच्या जागी बसवायचे, प्रश्न त्याने विचारायचे आणि समजावून सांगण्याचे कष्ट आपण घ्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु चॅटबॉटची घडण उत्तरे देण्यासाठी झालेली असल्यामुळे जरा सवड मिळाली की तो विद्यार्थ्याचे बाक सोडून फळ्याकडे जातो. म्हणून विद्यार्थ्याला विद्यार्थीच कसे ठेवावे, यावर पुढे बराच भर दिला आहे.

शिकवताना डोक्यात काय घडते

शिकवणाऱ्याचा स्वतःचा विषय पक्का होतो, हे शिक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रयोगातून त्याची तपासणी मात्र गेल्या काही दशकांतली आहे. जॉन बार्ग आणि याकोव्ह शूल यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुढे दुसऱ्याला शिकवायचे आहे असे समजून वाचणाऱ्यांनी केवळ परीक्षेसाठी वाचणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. सिंगापूरमधील संशोधकांनी २०१८ साली याच्या पुढचा प्रश्न हाताळला. टिपणे न पाहता शिकवणारे आणि तयार संहिता वाचून शिकवणारे अशा गटांची त्यांनी तुलना केली. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न पाहता शिकवणारे पुढे होते आणि नुसते आठवून लिहिणारा गटही जवळपास त्यांच्याच बरोबरीने होता. म्हणजे शिकवण्यातला मोठा वाटा स्मरणातून ओढून काढण्याच्या कष्टाचा आहे. समोर पुस्तक उघडे ठेवून एआयला ‘शिकवत’ बसणाऱ्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

दुसरा फायदा आपले अज्ञान उघड होण्याचा आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली दाखवून दिले की कुलूप किंवा कपड्यांची चेन (झिप) यांसारख्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगले कळते, असे लोक आधी सांगतात; प्रत्यक्ष पायरीपायरीने स्पष्टीकरण लिहायला लावले की स्वतःच्या समजुतीला दिलेले गुण ते स्वतःच कमी करतात. पण हे घडण्यासाठी स्पष्टीकरण खोलात जावे लागते. रॉड रॉस्को आणि मिशलिन ची यांनी २००७ साली केलेल्या आढाव्यात एक अडचण नेमकी नोंदवली आहे. शिकवणारे विद्यार्थी बहुतेक वेळा माहिती फक्त सांगून टाकतात, तिच्यावर विचार करून नवी जोडणी करत नाहीत. अशा वेळी त्यांना सांगण्यातून विचाराकडे ढकलणारी गोष्ट म्हणजे समोरच्याचा खोल प्रश्न. एआय विद्यार्थ्याचे सगळे मोल या एका प्रश्नात आहे.

संगणकाला विद्यार्थी करण्याची कल्पना आजच्या चॅटबॉटच्या आधीची आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी ‘बेट्टीज ब्रेन’ नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात मुले बेट्टी नावाच्या आभासी विद्यार्थिनीला, उदाहरणार्थ, नदीतील परिसंस्थेची कार्यकारण साखळी आकृतीच्या रूपात शिकवत आणि बेट्टी केवळ त्या आकृतीवरून उत्तरे देत असे. आकृतीत बाण उलटा असेल तर बेट्टीचे उत्तरही उलटे येई. २००९ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की स्वतःसाठी शिकणाऱ्या मुलांपेक्षा अशा विद्यार्थिनीसाठी शिकणारी मुले अभ्यासाला अधिक वेळ देतात आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांत हा परिणाम विशेष ठळक असतो. चूक झाली तर ती थोडी विद्यार्थिनीचीही असते. त्यामुळे अपयश टोचत नाही आणि मूल पुन्हा पुस्तकाकडे वळते.

बेट्टी आणि आजचा चॅटबॉट यांत एक मूलभूत फरक आहे. बेट्टीला शिकवल्याखेरीज खरोखरच काही येत नव्हते. चॅटबॉटमागच्या लँग्वेज मॉडेलला, म्हणजे अफाट मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रणालीला, आपण शिकवणार तो विषय बहुधा आधीच येत असतो आणि त्याला न येण्याचे सोंग घ्यायला सांगावे लागते. पट्टीच्या पोहणाऱ्याला बुडण्याचा अभिनय करायला लावावा तसा हा प्रकार आहे. लाट जरा मोठी आली की तो हात मारणारच. खालच्या पायऱ्यांतील बहुतेक सूचना याच कारणाने दिलेल्या आहेत.

पहिली पायरी: एका बैठकीत मावेल एवढा विषय

‘खगोलशास्त्र’ हा एका बैठकीचा विषय होत नाही. ‘ऋतू का बदलतात’ हा होतो. विषय ‘का’ किंवा ‘कसे’ या प्रश्नात मांडता आला पाहिजे, कारण जिथे कारणे असतात तिथेच प्रश्नाला प्रश्न फुटतो. शब्दार्थ, सनावळ्या, सूत्रांची यादी अशा निव्वळ पाठांतरासाठी ही पद्धत वापरण्यात अर्थ नाही. त्यासाठी साधी प्रश्नोत्तरांची कार्डे अधिक उपयोगी पडतात. आणखी एक अट अशी की विषय किमान एकदा वाचलेला असावा. काहीच ठाऊक नसताना शिकवायला बसले तर आपण अंदाज ठोकत जातो आणि ते अंदाज स्वतःच्याच शब्दांत मांडल्यामुळे डोक्यात घट्ट बसतात.

दुसरी पायरी: वाचन, मग पुस्तक बंद

वाचताना आपल्याला हे शिकवायचे आहे ही जाणीव ठेवावी. तेवढ्यानेही वाचनाची पद्धत बदलते आणि मुद्द्यांचा क्रम आपोआप शोधला जातो. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर चार-पाच ओळींत तासाची रूपरेषा लिहावी. त्याखाली विषय समजलेल्या माणसाला उत्तर देता यायला हवे असे दोन-तीन प्रश्न लिहून ठेवावेत. ते तासाच्या शेवटी लागतात. रूपरेषेचा कागद जवळ ठेवायला हरकत नाही, पण पुस्तक दुसऱ्या खोलीत असलेले चांगले.

तिसरी पायरी: विद्यार्थी घडवणे

नुसते ‘तू विद्यार्थी हो’ असे सांगितले तर एआय दोन-तीन गोड प्रश्न विचारतो आणि चौथ्या उत्तराला आपलेच म्हणणे अधिक नेटक्या भाषेत आपल्याला परत देतो. म्हणून सुरुवातीची सूचना काटेकोर लिहावी लागते. खालचा मजकूर विषय बदलून जसाच्या तसा वापरता येईल.

«तू माझा विद्यार्थी आहेस. आजचा विषय: ऋतू का बदलतात. सूर्य, पृथ्वी, दिवस आणि रात्र एवढेच तुला ठाऊक आहे. त्यापलीकडचे काही ठाऊक नाही असे समजून वाग. माझ्या प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न विचार आणि तो दोन वाक्यांपेक्षा मोठा नको. मी न वापरलेली संज्ञा, आकडा किंवा उदाहरण तू आणू नकोस. माझे सांगणे अपुरे, गोलगोल किंवा आधीच्या सांगण्याशी विसंगत वाटले तर तिथेच मला अडव. मधूनमधून नवशिका काढेल तसा चुकीचा निष्कर्ष काढ आणि ‘म्हणजे असे ना?’ म्हणून विचार. मी चुकलो तरी बरोबर उत्तर सांगू नकोस. तुला न पटलेली जागा फक्त दाखव. शाबासकी देऊ नकोस. मी ‘तास संपला’ असे लिहीपर्यंत ही भूमिका सोडू नकोस.»

यातील प्रत्येक वाक्यामागे एक कारण आहे, पण तीन वाक्ये विशेष महत्त्वाची आहेत. एकाच प्रश्नाची मर्यादा घातली नाही तर एआय पाच प्रश्नांची यादी देतो आणि आपण त्यांतला सर्वांत सोपा निवडतो. नवी संज्ञा आणू नये ही अट उत्तर फुटू नये म्हणून आहे, कारण ‘हे अक्षाच्या कलण्यामुळे होते का?’ असे विद्यार्थ्यानेच विचारले तर आपल्याला फक्त ‘हो’ म्हणायचे उरते आणि आठवण्याचे सगळे कष्ट वाचतात, जे आपल्याला वाचवायचे नव्हते. चुकीचा निष्कर्ष काढण्याची मुभा ही माझ्या मते या सूचनेतील सर्वांत मोलाची ओळ आहे. सरळ प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देता येते. पटण्यासारख्या चुकीला ते पुरत नाही.

चौथी पायरी: प्रत्यक्ष तास

पूर्ण वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहावे किंवा बोलावे. तुटक मुद्दे टाकले तर मधली ‘म्हणून’ आणि ‘कारण’ गळून पडतात आणि समजुतीतील भगदाडे नेमकी त्याच ठिकाणी असतात. तास कसा चालतो ते ऋतूंच्या उदाहरणावरून पाहू.

शिक्षक लिहितो की पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि जो गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो तिथे उन्हाळा असतो. वाक्य बरोबर आहे आणि परीक्षेत याला गुणही मिळतील. विद्यार्थी विचारतो, “म्हणजे कललेला भाग सूर्याच्या जास्त जवळ जातो, म्हणून तापतो, असे ना?” इथे अनेकांचे बोट ‘हो’कडे वळते. जरा थांबून हिशेब केला तर कळते की पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे आणि पृथ्वीचा व्यास १३,००० किलोमीटरहून कमी. कलण्याने पडणारा अंतराचा फरक अख्ख्या व्यासाएवढा धरला तरी तो दहा हजारांत एक भाग भरत नाही. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. शिक्षक हे सांगतो, तेव्हा विद्यार्थी पुढे विचारतो, “अंतर जवळपास तेच राहते, तर कलण्याने बदलते तरी काय?”

आता खरे कारण सांगावे लागते. सूर्य डोक्यावर असताना जेवढी किरणे एक चौरस मीटरवर पडतात, तेवढीच किरणे तो क्षितिजापासून ३० अंशांवर असताना दोन चौरस मीटरवर पसरतात, म्हणून प्रत्येक चौरस मीटरला निम्मीच ऊर्जा मिळते. त्याशिवाय सूर्याकडे कललेल्या गोलार्धात दिवसही मोठा असतो. विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न असा: “सहा महिन्यांनी दुसऱ्या गोलार्धात उन्हाळा येतो. तेव्हा अक्ष दुसऱ्या बाजूला झुकतो का?” झुकत नाही, वर्षभर तो अवकाशात जवळजवळ एकाच दिशेकडे रोखलेला असतो आणि पृथ्वीच सूर्याच्या पलीकडे गेलेली असते. हे शब्दांत सांगताना पेन उचलून आकृती काढावीशी वाटली तर ती जरूर काढावी आणि मग आकृती न दाखवता वर्णन करावे.

शेवटी शिक्षक सांगतो की उत्तर गोलार्धात सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास असतो. विद्यार्थी अडवतो, “मग सर्वांत जास्त उकाडाही त्याच दिवशी असतो का?” समजा, इथे उत्तर सुचले नाही. वेळ मारून नेणारे वाक्य लिहू नये. ‘हे मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे लिहावे, प्रश्न कागदावर उतरवावा आणि पुढे जावे. उत्तर एआयकडे मागू नये, कारण एकदा तो सांगू लागला की उरलेला तास त्याचाच होतो. तासानंतर पुस्तकात शोधल्यावर कळते की जमीन आणि विशेषतः समुद्र तापायला वेळ लागतो. सर्वांत मोठा दिवस उलटून गेल्यावरही काही आठवडे मिळणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक असते, म्हणून अनेक समशीतोष्ण प्रदेशांत उकाड्याचा कळस नंतर येतो. हे उत्तर शोधून मिळाल्यामुळे लक्षात राहते.

पाचवी पायरी: विद्यार्थी बिघडला तर

कितीही चांगली सूचना दिली तरी लांबलेल्या संवादात एआय भूमिकेवरून घसरतो. घसरण्याच्या तीन तऱ्हा नेहमीच्या आहेत. पहिली, तो मास्तर होतो आणि आपल्या उत्तरात ‘थोडी भर’ घालतो. तेव्हा ‘तू विद्यार्थी आहेस; वरचे उत्तर रद्द करून फक्त प्रश्न विचार’ एवढे लिहिले की काम भागते आणि तरीही तो ऐकत नसेल तर नव्या चॅटमध्ये मूळ सूचना पुन्हा द्यावी.

दुसरी तऱ्हा होयबाची आहे आणि ती अधिक घातक आहे, कारण ती सुखावते. लँग्वेज मॉडेलमध्ये समोरच्याची री ओढण्याचा कल असतो. आपण ठामपणे चुकीचे सांगितले तरी ‘आता समजले’ असे म्हणून तो पुढे सरकू शकतो. यावर एक साधी चाचणी करून पाहावी. एकदा मुद्दाम ठळक चूक करावी, उदाहरणार्थ ‘दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकाच वेळी असतो’ असे लिहावे, आणि विद्यार्थी अडवतो का ते पाहावे. त्याने मान डोलावली तर त्या तासातील त्याच्या ‘समजले’ला काडीची किंमत देऊ नये आणि सूचनेत ‘समजले असे म्हणण्याआधी माझे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांग आणि त्यातील सर्वांत कच्चा दुवा दाखव’ ही ओळ घालावी.

तिसरी तऱ्हा म्हणजे प्रश्न उथळ होणे: ‘आणखी एखादे उदाहरण द्याल का?’ हाच प्रश्न फिरून फिरून येतो. तेव्हा विद्यार्थ्याचा स्वभाव बदलावा. तो शंकेखोर आहे, पुराव्याशिवाय काही मानत नाही, किंवा दहा वर्षांचा आहे आणि कठीण शब्द आला की थांबवतो, असे सांगितले की प्रश्नांचा बाज बदलतो.

सहावी पायरी: विद्यार्थ्याची परीक्षा, आपले मूल्यमापन

‘तास संपला’ लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याला सांगावे की या संवादात मी जे सांगितले तेवढ्याच आधारे पुढील प्रश्नाचे उत्तर दे आणि माझ्या सांगण्यात आधार नसेल तर ‘हे मला शिकवलेले नाही’ असे म्हण. मग सुरुवातीला कागदावर लिहून ठेवलेले प्रश्न विचारावेत. उत्तरे आपण तपासावीत, गुण आपण द्यावेत. बेट्टीकडून जे आपोआप मिळत असे ते इथे असे मागून घ्यावे लागते आणि तरीही ते तितके निर्मळ नसते, कारण एआय आपल्या पोतडीतील माहिती नकळत मिसळतो. म्हणून उत्तरातील प्रत्येक वाक्य ‘हे मी सांगितले होते का?’ या कसोटीवर घासून पाहावे. जे वाक्य बरोबर आहे पण आपण सांगितलेले नव्हते, ते आपल्या शिकवण्यातील नेमके भगदाड असते.

त्यानंतर वेगळ्या चॅटमध्ये आपले सलग स्पष्टीकरण देऊन ‘यातील चुका आणि वगळलेले मुद्दे दाखव’ असे तज्ज्ञाच्या भूमिकेतील एआयला सांगता येते. हे उपयोगी आहे, पण अंतिम नाही. एआय चुकीचेही तेवढ्याच आत्मविश्वासाने सांगतो, तेव्हा त्याने दाखवलेली चूक पाठ्यपुस्तकात किंवा विश्वासार्ह ग्रंथात पडताळल्याशिवाय आपले स्पष्टीकरण बदलू नये.

विषयानुसार थोडे फेरफार

गणितात उत्तरापेक्षा पायरीचे कारण शिकवावे. ‘दोन्ही बाजूंना भागले’ एवढ्यावर विद्यार्थ्याने ‘भागायची परवानगी कुठून मिळाली?’ असे विचारले पाहिजे, म्हणजे शून्याने भागण्याचा धोका आपोआप चर्चेत येतो. इतिहासात ‘ही घटना घडली नसती तर?’ हा प्रश्न कारणांचे वजन तपासायला लावतो. प्रोग्रॅमिंगमध्ये स्वतःचा कोड ओळीओळीने समजावून सांगावा. निर्जीव खेळण्याला कोड समजावत चूक शोधण्याची प्रोग्रॅमरची जुनी सवय याच जातीची आहे, फक्त हे खेळणे उलट विचारते. परकी भाषा शिकताना व्याकरणाचा नियम शिकवावा आणि विद्यार्थ्याला तो नियम लावूनही चुकीचे ठरणारे वाक्य तयार करायला सांगावे, म्हणजे अपवाद कुठे सुरू होतो हे आपल्याला सांगावे लागते.

काही दिवसांनी दुसरा तास

पहिल्या तासाचा कागद वहीत चिकटवावा आणि अडलेल्या जागांना खूण करावी. तीन-चार दिवसांनी, काहीही न वाचता, त्याच विषयाचा तास नव्या चॅटमध्ये घ्यावा. जुना संवाद उघडला तर आपलीच आधीची वाक्ये समोर येतात आणि आठवण्याचे काम होत नाही. या वेळी विद्यार्थी वेगळ्या स्वभावाचा घ्यावा आणि खुणा केलेल्या जागांपासून सुरुवात करावी. दुसरा तास बहुधा पहिल्यापेक्षा लवकर संपतो. पण तीच जागा पुन्हा अडली, तर तिसरा तास घेण्याची घाई न करता ते प्रकरण दुसऱ्या एखाद्या पुस्तकातून वाचावे, कारण अशा वेळी बहुधा पहिल्या पुस्तकाची मांडणीच आपल्या डोक्यात नीट शिरलेली नसते.